लाल गाठोड्यातला पडदा

वहिनीला चिंध्यांचा तिटकारा होता, पण फॅशन येईपर्यंतच. दीर शिंपी, सगळे त्याला मास्तर म्हणायचे; खाली त्याचं दुकान, वर हिचं घर. दोऱ्याचा तुकडा जरी जिन्यात दिसला तरी ही नाक मुरडायची. मग कुठल्याशा मैत्रिणीकडे तुकडे जोडून केलेल्या उशा पाहिल्या आणि बाईसाहेब स्वतःच दुकानात उतरल्या.

"भावजी, तुमचा तो कचरा द्या जरा. दाराला पडदा करायचाय."

मास्तरनं दोन पिशव्या पुढे केल्या. हिची नजर मात्र फळीवरच्या लाल गाठोड्यावर. नको तिथं गेली नाही तर ती वहिनी कसली!

"ते नको, वहिनी. कपडे शिवायला टाकले आणि न्यायच्या आधीच जी माणसं गेली, त्यांचे तुकडे आहेत ते. मी वेगळे ठेवतो. जित्या माणसाचं कापड त्यांना जोडू नये."

"अगंबाई! म्हणजे भुतं माझं घर सजवणार म्हणा की!" असं म्हणत गाठोडं काखोटीला मारून ती वर गेलीसुद्धा.

पडदा झाला झकास. फक्त खालचा एक कोपरा कमी पडला, तिथं तिनं लेकीच्या निळ्या फ्रॉकचा उरलेला तुकडा लावला. वर मास्तरला बोलावून मिरवलंही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"उसवा, वहिनी. पोरीसाठी तरी उसवा."

"तुम्ही आपली मशीन चालवा, भावजी. सजावटीतलं तुम्हाला काय कळतंय!"

तिसऱ्या दिवशीची दुपार. वारा नाही, पंखा बंद. खोलीत गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास पसरला. पडदा हलला नाही, फुगला. खांद्याच्या उंचीवर एक फुगवटा आला, त्याच्या बाजूला दुसरा, मग तिसरा... ओळीनं कुणी उभं असावं तसे. आणि अगदी खाली, निळ्या तुकड्यामागे, एक लहानसा.

"कोण... कोण आहे?"

तिनं पडदा ओढला. मागे रिकामं दार. आता मात्र सगळा तोरा उतरला. तिनं ब्लेडनं टाके कापले, निळा तुकडा सुटून हातात आला. सुटले बाई, असं ती म्हणतेय तोच आतल्या खोलीतून लेक आली. भांगात शिंप्याच्या खडूची एक रेघ. टाचांवर एक.

पोरीला फरफटत ती खाली धावली.

"भावजी, तुम्हीच केलंत ना हे? मला घाबरवायला? हो म्हणा ना हो..."

मास्तर खाली बसला. त्यानं पोरीची टाच पाहिली, भांग पाहिला.

"मी उभ्या माणसाचं माप घेतो, वहिनी. खांदा, छाती, कंबर. डोक्यापासून टाचेपर्यंत नुसती लांबी... ती कफनासाठी, माणसाला आडवं निजवून घेतात."

"हो काका, त्यांनी मला निजवलंच होतं," पोर म्हणाली. "आई, उद्या ट्रायलला बोलावलंय. जाऊ ना?"