आजाऱ्यांच्या वहीतली रिकामी ओळ

सकाळी सव्वाआठला शाळेची घंटा होते. साडेआठपर्यंत सगळ्या वर्गांची हजेरी माझ्या टेबलावर येते आणि मग मी गैरहजर पोरांच्या घरी फोन लावायला बसते. एकतीस वर्षं मी शाळेच्या कचेरीत हेच काम करते आहे. फोनवर आई म्हणते, "त्याचं पोट दुखतंय हो," आणि मी म्हणते, "बरं, त्या पोटाला जरा फोन द्या." निम्मी पोटं तिथल्या तिथे बरी होतात.

माझ्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नाही. कचेरीच्या खिडकीतून सुपीरियर सरोवराचा एक तुकडा दिसतो आणि टेबलाखाली एक बटण आहे. शाळेचं मोठं दार आता बाहेरून उघडत नाही. आलेल्याने घंटा दाबायची, मी छोट्या पडद्यावर त्याचं तोंड बघायचं, ओळख पटली तरच बटण दाबायचं. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे मी ठरवते.

आणि माझ्याकडे आजाऱ्यांची वही आहे. शाळेत बरं वाटेनासं झालेल्या पोराला कचेरीशेजारच्या खोलीत, खाटेवर निजवतात. वहीत त्याचं नाव, वेळ, ताप. न्यायला येईल त्याने शेवटच्या रकान्यात सही करायची, मगच पोर सोडायचं. माझ्या वह्यांमध्ये एकतीस वर्षांत एकही रिकामी ओळ नाही. या गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि तोच मला नडला.

आजारपणाचं सोंग करण्यात लहानपणी मी स्वतः पोचलेली होते. मी अकरा वर्षांची, सिल्वी कांगास. बाबा लाकूडतोडीच्या तळावर, शनिवारी घरी यायचे. आई इस्पितळाच्या धुलाईघरात, सकाळी सहाची पाळी. ती निघायच्या आधी मी कण्हायला लागायचे. आई तोंडात थर्मामीटर देऊन स्वयंपाकघरात गेली की तो काढून पायाशी ठेवलेल्या गरम पाण्याच्या पिशवीला लावायचा. आकडा मात्र नेमका हवा. नव्याण्णव दाखवला तर शाळा, एकशे तीन दाखवला तर डॉक्टर. एकशे एक म्हणजे घरी बसून वेलदोड्याचा पाव आणि दिवसभर रेडिओ. त्या हिवाळ्यात हा डाव मी चारदा जिंकले होते.

पाचव्या वेळी अपूर्णांकांची परीक्षा होती. पिशवी जास्त तापलेली निघाली आणि पारा थेट एकशे तीनवर गेला. मी घाईने दोन झटके दिले आणि तो एकशे एकवर आणला. आईने बघितलं, कपाळावर हात ठेवला. "कपाळ गार लागतंय गं," ती म्हणाली.

"आतून आलाय ताप," मी म्हणाले.

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कडी लावून घे. मी येईपर्यंत कुणाला उघडू नकोस." आणि गेली.

बाहेर बर्फाची बारीक भुरभुर चालू होती. नऊ वाजले तरी उजेड पुरता आला नव्हता. मी पाव खाल्ला, पत्ते लावले, आणि आता वर्गातल्या पोरांची कशी तारांबळ उडाली असेल या विचाराने एकटीच हसले. पावणेअकराला फोन वाजला. दोन लांब, एक आखूड. एका तारेवर आमच्या रस्त्यावरची पाच घरं होती आणि अशी घंटा ही आमच्या घराची खूण होती.

मी घाबरले नाही. आईचा आवाज मला हुबेहूब काढता यायचा. अवघड नव्हतंच. जाडसर आवाजात एक शब्द बोलायचा आणि मग गप्प बसायचं. आम्हा फिनलंडहून अमेरिकेत आलेल्या माणसांची नक्कल करायला बहुतेक गप्प बसणंच पुरतं.

"हं," मी म्हणाले.

"मिसेस कांगास? मी मिसेस ट्रेगियर, शाळेतून." ही त्या वेळची कचेरीतली बाई. "तुमच्या सिल्वीला बरं नाहीये हो. परीक्षा लिहिता लिहिता बाकावरच मान टाकली तिने. एकशे तीन ताप आहे. खाटेवर निजवलंय. न्यायला येता का?"

मी रिसीव्हरकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे बघितलं. पायांत आईने विणलेले मोजे होते, मांडीवर पावाचा चुरा होता. मी घरात होते.

"सिल्वी?" मी विचारलं.

"हो, रडतेय बिचारी. घरी जायचं म्हणतेय सारखी. तुमच्याशी बोलू देऊ का तिला?"

"नको!" हे मी माझ्याच आवाजात ओरडले असते. पण सवय कामी आली. आईचा आवाज निघाला, शांत, कोरडा. "नाटकं करते ती. बसवा वर्गात."

बाईंच्या मागून मला ऐकू आलं... लांबून, कुणीतरी नाक ओढत रडत होतं. स्वतःचं रडणं माणूस सहसा बाहेरून ऐकत नाही. तरी ते मला लगेच ओळखू आलं.

"ठीक आहे," मिसेस ट्रेगियर थंडपणे म्हणाल्या. "तुम्ही आई आहात."

मी फोन ठेवला आणि कडी तपासली. स्वतःला समजावलं की बाईंचा घोटाळा झालाय, दुसरीच कुणी पोर असेल. रेडिओ मोठा केला. मग बंद केला, कारण तो चालू असताना बाहेरचं ऐकू येईना.

बाराच्या सुमाराला पायऱ्यांवर बूट आपटल्याचा आवाज आला. आधी उजवा दोनदा, मग डावा. घरात शिरण्याआधी बर्फ झटकायची ती माझी रीत. मग हलकी टकटक.

"आई..." बाहेरून आवाज आला. "मी आलेय."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. लोकर भिजल्याचा वास फटीतून आत येत होता. खुंटीवर माझी लाल टोपी होती, कानाजवळ निळ्या लोकरीने रफू केलेली. बाजूच्या चिंचोळ्या काचेतून मी एक डोळा लावून बघितलं. बाहेरही लाल टोपी होती. निळं रफूही होतं. चेहरा दाराला टेकलेला होता, म्हणून दिसला नाही.

"सिल्वी... तू आहेस ना आत? उघड ना. मला खरंच बरं नाहीये..."

मला तिची दया आली. हे मी आज कबूल करते. कडीवर हात गेलाही होता. पण ती आत आली तर आई कुणाला पांघरूण घालणार? तिचं कपाळ गरम होतं. माझं गार होतं. आईने एकदा हात लावला की संपलं.

मी कडी घट्ट धरली आणि आईच्या आवाजात म्हणाले, "माझी मुलगी घरात आहे."

मग काहीच आवाज आला नाही. पायऱ्या उतरल्याचाही नाही.

आई अडीचला आली. उंबऱ्यात थांबून ती मागे अंगणाकडे बघत राहिली. संध्याकाळी शेजारच्या लेम्पीकाकू आल्या आणि तिथे माझा डाव उघडा पडला. तारेवर घंटा कुणाचीही वाजो, रिसीव्हर उचलून ऐकत बसायची काकूंना सवय होती. हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं, मीच विसरले होते.

"दगड आहेस का गं, हेल्मी?" काकू आईवर तुटून पडल्या. "पोरीला एकशे तीन ताप, आणि तू म्हणतेस वर्गात बसवा? मी स्वतः ऐकलं! ती मागे रडत होती गं!"

फोन आला त्या वेळी आई धुलाईघरात चादरी पिळत होती. तिने माझ्याकडे बघितलं. काकूंना कॉफी दिली, पाव दिला, वाटेला लावलं. मग माझ्यासमोर बसली. आता कानाखाली बसणार म्हणून मी गाल आखडून घेतला.

"तू दार उघडलंस?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"बर्फात पायरीपर्यंत लहान पावलं उमटलीत," आई म्हणाली. "परत गेलेली नाहीत. मग ती पोर गेली कुठे?"

आईने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण मरेपर्यंत रात्री निजण्याआधी ती बाहेरचा दिवा लावायची, आणि तो दिवा माझ्यासाठी नव्हता.

त्यानंतर मला कधी ताप आला नाही. पडसं नाही, गोवर नाही, काही नाही. छप्पन्न वर्षं! एकतीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची एकही रजा नाही. सिल्वीला जंतूही घाबरतात, अशी गावात माझी थट्टा होते. मीही हसते.

या उन्हाळ्यात शाळा नव्या इमारतीत जाणार आहे आणि मी निवृत्त होणार आहे. म्हणून काल तळघर आवरायला घेतलं. जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात मिसेस ट्रेगियरची वही निघाली. मी ते पान शोधलं नाही, ते आपणहून उघडलं. सिल्वी कांगास. दहा चाळीस. ताप एकशे तीन. पुढे त्यांच्या सुबक अक्षरात: आई म्हणते, नाटक आहे. न्यायला कोण आलं, तो रकाना रिकामा होता.

अख्ख्या वहीत तेवढी एकच ओळ रिकामी. मला ती बघवेना. इतकी वर्षं ती पोर कागदावर अजून त्या खाटेवरच होती. आता मी मोठी होते, कचेरी माझी होती, पेन माझ्या खिशात होतं. मी सही केली. सिल्वी कांगास. आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "चल, घरी जाऊ."

रात्री हुडहुडी भरली. सकाळी थर्मामीटर लावला, एकशे तीन. मी झटकला, पुन्हा लावला. एकशे तीनच.

आठ वाजता शाळेत फोन केला. माझ्या जागी येणारी जोलीन महिनाभर माझ्या हाताखाली शिकते आहे. गोड मुलगी आहे.

"जोलीन, मी सिल्वी बोलतेय. आज येत नाही. बरं नाहीये मला..."

ती खळखळून हसली. "पुरे हं! मला फसवताय होय? टेबलाखाली फोन धरून बोलताय का? अहो, तुम्ही समोर तर बसलाय!"

"जोलीन, नीट बघ. खरंच ताप आहे गं मला..."

तिचं हसणं थांबलं. रिसीव्हरवर हात ठेवून ती कुणाला तरी काही विचारत होती. मग पलीकडून एक जाडसर, शांत आवाज आला. आईचा. म्हणजे मी काढायचे तो.

"नाटकं करते ती. ठेव फोन."

फोन बंद झाला.

मी घाबरलेली नाही. बूट चढवलेत, टोपी घातली आहे, शाळा चालत वीस मिनिटांवर आहे. जोलीन दयाळू आहे. पडद्यावर माझं तोंड बघितलं की ती नक्की उघडेल. फक्त ते बटण जोलीनच्या टेबलाखाली नाही, माझ्या आहे.