उघाडीवरची पाळी

मार्च १९९४ मधली ही गोष्ट. मी तेव्हा बेलापूरला जमीन संपादनाच्या एका कचेरीत कारकून होतो. मूळ साताऱ्याकडचा, राहायला तुर्भ्यात. खाडीशी माझा संबंध वास येण्यापुरताच. साहेबांनी काम दिलं की कांदळबेटावर जायचं आणि तिथल्या जुन्या खुणा हकीकतीसकट लिहून आणायच्या. विहीर, देऊळ, मिठाची पडकी चौकी, जे असेल ते. बेट प्रकल्पात जाणार होतं. कागदावर येईल तेवढंच राहणार, बाकीच्यावर भराव. बोलायचं कुणाशी हे कळावं म्हणून बेटाची मतदार यादी सोबत दिली होती.

ओहोटीला बेटाभोवती कंबरभर चिखल असतो. म्हणून शिवा नावाच्या कोळ्याने मला भरती लागल्यावर, दहाच्या सुमाराला होडीतून नेलं. यादीत सत्तावीस नावं होती. बेटावर माणसं दोनच उरली होती, चांगुणाबाई नावाची म्हातारी आणि तिची सून सगुणा. बाकीचे दिघ्याला, पावण्याला कारखान्यांच्या आसऱ्याने गेले होते. भाताच्या दिवसांत तेवढे परत यायचे.

म्हातारी घोंगडीत पडली होती. अंगात ताप, श्वास लागलेला. शिवाने तिच्या कपाळाला हात लावला आणि सगुणेला बाजूला घेतलं.

"हिला आताच न्यायला पायजे. ही भरती गेली तर रातपावतर होडी निघाची नाय."

सगुणा म्हणाली, "मी कवापासून सांगतंय. आयकत नाय. आज अवस हाय, आज तिची पाळी हाय."

कसली पाळी, ते मी विचारलं. उत्तर म्हातारीनेच दिलं. थांबत, धाप टाकत. मी सवयीने वही उघडून लिहीत गेलो.

बेटाभोवती मातीचा बांध आहे. त्यात एका ठिकाणी लाकडी दार आहे, उघाडी म्हणतात. पावसाचं पाणी त्यातून बाहेर सोडायचं आणि खाडीचं आत येऊ द्यायचं नाही. म्हातारीच्या आजेसासऱ्याच्या वेळी हा बांध त्याच जागी तीनदा फुटला. चौथ्यांदा सगळा गाव माती टाकायला उतरला. अंधार पडत आला, पाणी चढत होतं. कुणीतरी वरून विचारलं, "सगली आयली का?" सगळे म्हणाले, "आयली." मोजलं कुणीच नाही. शेवटचा ढीग लोटून खिंडार बुजवलं. एक बाई खालीच होती, पाटी घेऊन.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"परगावची होती, कामाला आयलेली. नाव कोनी इचारलाच नवता."

तेव्हापासून अमावस्येच्या मोठ्या भरतीला कुणीतरी उघाडीवर बसायचं. मागून विचारणा होते. 'आयली' एवढंच सांगायचं आणि वळून बघायचं नाही. एका साली गाव लग्नाला गेला, पाळीला कुणी बसलं नाही. बांध फुटला, तीन घरं वाहून गेली.

"मी बसतो," मी म्हणालो. विश्वास होता म्हणून नव्हे. म्हातारी होडीत बसावी म्हणून.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "सायेब, खोटा सांगू नको तिला. एकदा आयकलाय तिनं खोटा."

दोघींना घेऊन शिवा गेला. मला न्यायला अडीचपर्यंत येतो म्हणाला.

उघाडीच्या दगडावर मी बसलो. समोर खाडी, पाठीशी मोकळी शेतं. ऊन कडक होतं. पाणी दाराच्या फळ्या चढत होतं, एकेक बोट. साडेबाराला ते माझ्या पायांपासून वीतभर खाली आलं. वारा पडला. चिखलाचा वास येत होता, पण समोरून नव्हे. मागून.

मग पावलं वाजली. ओल्या पायांची, सावकाश. थोड्या अंतरावर थांबली.

"सगली आयली का?"

साधा आवाज होता. कामावरून दमून आलेल्या बाईचा.

"आयली," मी म्हणालो.

पाणी चढतच राहिलं. फळीच्या फटीतून एक धार आत पडू लागली. आणि आवाज जवळ आला, अगदी मानेपाशी.

"कोन कोन...?"

हे म्हातारीने सांगितलेलं नव्हतं. मांडीवर फाईल होती. मी मतदार यादी काढली आणि पहिलं नाव वाचलं.

मागून एक पुरुष म्हणाला, "आयलो."

दुसरं नाव वाचलं. बाईचा आवाज आला, "आयले."

मी वाचत गेलो. प्रत्येक नावाला ओ मिळत होती, प्रत्येकाचा आवाज निराळा. सोळावं नाव सगुणेचा नवरा, मारोती. दोन वर्षांपूर्वी खाडीत गेला तो परतला नव्हता, पण यादीतून नाव कुणी काढलं नव्हतं. त्याचं 'आयलो' मागून आलं नाही. समोरून आलं, पाण्यावरून. सगुणेला मी हे कधी सांगितलं नाही.

सत्तावीस नावं संपली. मागे कुणीतरी अजून थांबलं होतं. श्वास ऐकू येत होता. कुणाचं तरी राहिलंय म्हणून वाट बघावी तसा.

"एवढीच आहेत..." मी म्हणालो. "तुमचं नाव आमच्याकडे नाही."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. फटीतली धार बारीक झाली, मग थांबली. पाणी उतरू लागलं होतं. मागचा वास गेला. शिवा आला तेव्हाही मी वळून न बघताच बसून होतो. त्याने हाताला धरून उठवलं.

चांगुणाबाई वाचली. दोन वर्षं जगली, पण बेटावर परत गेली नाही. त्यानंतर उघाडीवर कुणीच बसलं नाही. तरी बांध उभा आहे. प्रकल्पही पुढे बारगळला.

अठ्ठ्याण्णव साली कामानिमित्त पावण्याला गेलो. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर धर्मराज भेटला, यादीतला नववा. चहा पिताना मी त्याला हे सांगितलं. तो हसला नाही.

"ती अवस माझ्या लक्षात हाय," तो म्हणाला. "दुपारी मशीनवर होतो, तोंडातनं निघालं, 'आयलो'. बाजूचा बोलला, कोनाला सांगतोस? आमच्या सगल्यांचं तसंच झालं. ज्याला इचारशील तो सांगंल."

त्याने कप खाली ठेवला.

"माझ्या पोरीचं नाव होतं का तुमच्या यादीत?"

"यादी मतदारांची होती. लहान मुलांची नावं नसतात."

"तवा अकरा दिवसांची होती. बारसं पन झालं नवतं. दुपारी बायको घरी एकटी, पोर झोलीत. सगल्यात शेवटी झोलीतनं आवाज आयला. साफ. 'आयले.'"

मी विचारलं, "आता कशी आहे?"

"बरी हाय. खाते, खेलते. चार वर्सांची झाली."

"नाव काय ठेवलं?"

धर्मराज मशीनकडे वळला.

"तीन ठेवली आतापावतर," तो म्हणाला. "एकाला पन ओ देत नाय."