गोजराबाईने नाकारलेला खिळा

वाशीत तेव्हा माणसांपेक्षा सिमेंटची पोती जास्त होती, त्यामुळे पडायला आणि हाडं मोडायला जागाच जागा. डॉक्टर सुधीर गुप्तेचं चार खाटांचं हॉस्पिटल मजेत चाललं होतं. मनुष्य हसरा, पण एका प्रश्नाने त्याला पछाडलं होतं. मोडलेल्या खुब्याला चांगलं काय? बाजूने ठोकायचा तीन धारांचा जाडजूड खिळा, की गुडघ्याजवळ छोटा छेद देऊन वर सरकवायच्या बारीक, लवचीक सळ्या? तो आलटूनपालटून बसवायचा, एकाला खिळा, पुढच्याला सळ्या. पुण्याच्या परिषदेत एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

त्र्याऐंशीच्या चैत्रात बोनकोड्याची गोजराबाई आली. अंगणात घसरून खुबा मोडलेला, तोंड मात्र शाबूत. ती गावची धवलारीण. लग्नात तिने उभं राहून धवले गायल्याशिवाय हळद लागत नसे, आणि आता वैशाखात तिच्याच नातीचं लग्न होतं.

"माज्या नातीला दुसरीनं कुनी गायलं, म्हंजी मी मेले," ती म्हणाली. "उबी कर मना."

"करतो, आजी!"

पाळी खिळ्याची होती. सुधीरने हौसेने दोन्ही वस्तू ट्रेमध्ये दाखवायला आणल्या, आणि तिथेच चुकला. गोजराबाईने जन्मभर खाडीची मासळी विकलेली. तिने खिळा उचलला, अंगठ्याने दाबला, उलटा केला आणि हुंगला. नर्स सुमेधा तोंडावर रुमाल धरून हसत होती.

गोजराबाईने खिळा हळूच खाली ठेवला.

"यो नको. कुनाच्या तरी अंगात बसलेला हाय. वास येतो."

"आजी, कालच खोक्यातून काढलाय. कोरा करकरीत!"

"मना त्या बारीक सळ्या घाल."

"डॉक्टरसाब, आईचं ऐका," तिचा मुलगा पंढरी हात जोडून म्हणाला.

"बरं बाबा, सळ्या," सुधीर म्हणाला. पण मनात म्हणाला, आज हिने पाळी मोडली तर उद्या जो तो भाव करत बसेल. भूल दिल्यावर तिला काय कळणार आहे? त्याने ठरल्याप्रमाणे खिळाच बसवला. हातोडीचे ठोके बाहेर बसलेल्या पंढरीलाही ऐकू आले. सुधीरने टाके घातले आणि शीळ वाजवत हात धुतले.

ड्रेसिंग सोडायच्या दिवशी पट्टी निघाली आणि सुमेधाने डॉक्टरांना हाक मारली. खुब्यावर ओरखडासुद्धा नव्हता. छेद होता गुडघ्याजवळ, छोटासा, दोन टाक्यांचा.

एक्स-रे काढला. हाडात तीन बारीक सळ्या नीट पसरलेल्या होत्या. सुधीरला इतक्या सुरेख कधी जमल्या नव्हत्या.

"डॉक्टर, आपण खिळाच ठोकला ना?"

"ठोकला."

"मग?"

"चहा सांगा, सिस्टर."

कपाटात सळ्या होत्या तितक्याच होत्या. तो खिळा मात्र कुठेच नव्हता. परिषदेच्या आकड्यांत गोजराबाईला खिळ्याच्या बाजूला धरायचं की सळ्यांच्या, हे कोडं त्याने हसण्यावारी नेलं, पण चहा तसाच निवून गेला.

वैशाखात बोनकोड्यात मांडव पडला. सुधीरलाही आमंत्रण होतं. पहिल्या धवल्यालाच गोजराबाईने काठी पंढरीच्या हातात दिली आणि ताठ उभी राहून गायली. नात रडली, हळद लागली. सुधीरचेही डोळे भरून आले. खिळा काय नि सळ्या काय, म्हातारी उभी राहिली, याचा त्याला खरोखर आनंद झाला होता.

जेवणं उरकल्यावर ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"डाक्तर, खोटं बोललास तू मना."

सुधीर ओशाळला. "चुकलो, आजी."

"राग नाय. पोरीचं लगीन पार परलं ना!" तिने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पन उटू नको एवड्यात. पयला मैना जपायचा असतो."

सुधीर खो खो हसला. पुढची पंगत खोळंबली होती, म्हणून उठायला गेला.

डावा पाय भार घेईना.

त्याने खुब्यावर हात दाबला. पँटीच्या कापडाखाली, एकाखाली एक, बोटांना टाके लागले.