एकाच गाडीचा माल

सुट्या भागांच्या बाजारात त्याला ‘अस्सल मिस्त्री’ म्हणत. त्यात कौतुक थोडं आणि टिंगल जास्त. जुनी गाडी दुरुस्तीला आली की तिला नवा भाग लावणं त्याच्या जिवावर यायचं. त्याच मॉडेलचा, त्याच सालचा भाग हाती लागेपर्यंत तो गाडी महिनोन्‌महिने अडवून ठेवायचा. गिऱ्हाईक मेटाकुटीला यायचं, हा हटायचा नाही.

या वेळची गाडी मात्र घरचीच होती. बाबांनी ती तीस वर्षं चालवली, मग ती गॅरेजमागे गंजत पडली. दोन वर्षांपासून बाबा बोलत नव्हते, त्याला ओळखतही नव्हते. गाडी होती तशी उभी केली तर निदान एकदा तरी आपल्याला हाक मारतील, एवढीच त्याची आशा होती.

भंगारवाल्याकडे तशीच एक गाडी निघाली. पुढून पार चेपलेली.

“कुणाची होती?”

“ते नका विचारू. सगळा एकाच गाडीचा माल आहे. न्यायचा तर न्या.”

त्याने तिचं स्टिअरिंग काढून आपल्या गाडीला बसवलं आणि बाबांना धरून सीटवर नेलं. बाबांनी ते दोन्ही हातांनी पकडलं.

“जड लागतंय जरा,” ते म्हणाले.

दोन वर्षांनंतरचे पहिले शब्द. तो बॉनेटच्या आड जाऊन पोटभर रडला.

मग त्याच गाडीचं डॅशबोर्डवरचं घड्याळ बसवलं, मग आतला आरसा. बाबा आरशात मागे बघून कुजबुजले, “छकुली झोपली वाटतं.”

बायकोने त्याला बाजूला घेतलं. “तुम्हाला बहीण होती?”

“नाही. मी एकटाच.”

बाबा सुधारत गेले. चवीने जेवू लागले. शीळ घालू लागले. पूर्वी घरात कुणी शीळ घातली की हेच खेकसायचे. केस डाव्या हाताने विंचरू लागले. एके सकाळी आईच्या फोटोपुढे थबकून त्यांनी विचारलं, “या बाई कोण?”

त्याच दुपारी त्याने घड्याळ उतरवलं, आरसा उतरवला, स्टिअरिंग सोडवलं. ते हातात आलं तेव्हा अंगणातली बाबांची शीळ मध्येच तुटली.

पाच दिवस त्यांनी घास गिळला नाही. नजर भिंतीला खिळलेली, हात गार.

“जातील हो अशाने,” बायको म्हणाली. “कुणी का असेनात, आधी जगू दे त्यांना.”

सहाव्या दिवशी त्याने सगळं परत बसवलं. बाबा आपल्या पायांनी चालत आले आणि गाडीत बसले.

“मिस्त्री, हात चांगला आहे तुमचा. वडिलांकडून शिकलात?”

“हो.”

“आहेत का वडील?”

त्याने पाना खाली ठेवला.

“नाहीत.”

“अरेरे,” बाबा मनापासून हळहळले. “मागचं दार तेवढं हळू लावा. पोरगी उठेल.”

मागची सीट रिकामी होती. त्याने दार अलगद लोटलं.

बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मागच्या दाराच्या लॉकची खुंटी आतून हळूच खाली बसली.