उंदरांची तार

विनार्सी आली तेव्हा तिच्या हातात एक गाठोडं होतं. ते तिनं दाराशीच जमिनीवर ठेवलं आणि त्याच्यापासून लांब, भिंतीला टेकून बसली.

"आमच्या चुलत सासऱ्यांचे कपडे आहेत. म्बाह सुमार्जोंचे," ती म्हणाली. "दफनाआधी अंगावरून उतरवले ते तसेच आहेत. धुवायला कुणी हात लावेना. वीज अजून कपड्यांत असते म्हणतात."

जावातल्या सोलो शहरात खासगी तपासाची कामं घेणाऱ्या बू रेत्ना, म्हणजे रेत्नाबाई, यावर हसल्या नाहीत. त्यांचा ड्रायव्हर आणि मदतनीस सुगितो यानं मात्र खुर्चीखाली पाय आखडून घेतले.

विनार्सीचा नवरा हार्दी चौकीत होता. त्याच्या शेताच्या बांधावर त्याचा काका, ज्याला सगळं गाव म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणे, मेलेला सापडला होता. पायाच्या घोट्यावर भाजल्याची काळी खूण होती. हार्दीनं शेताभोवती उंदरांसाठी उघडी तार ओढलेली, हे गावाला माहीत होतं. संध्याकाळी घरातून वीज सोडायची, सकाळी बंद करायची आणि मेलेले उंदीर गोळा करायचे.

"पण त्या रात्री त्यांनी वीज सोडलीच नव्हती, बू," विनार्सी म्हणाली. "काकांनी आदल्याच दिवशी शपथ घातली होती. घुबडं उंदीर खातात म्हणून काका गावात त्यांच्यासाठी खोकी लावायचे. म्हणायचे, तार उंदीर बघत नाही, माणूसही बघत नाही. पण आमचं ऐकतंय कोण? गावातली बायामाणसं आता बांधावर पाय ठेवायला भितात. पोरांना घराबाहेर सोडत नाहीत."

बू रेत्नांनी गाठोडं सोडलं. सदरा पाठीवर चिखलानं कडक झाला होता. कॉलरीतही चिखल होता. खिशाच्या शिवणीत केसाएवढे बारीक, पिवळट तुरे अडकले होते. त्यांनी एक तुरा बोटावर घेतला.

"त्या रात्री पाऊस?"

"महिनाभर थेंब नाही."

---

विनार्सीच्या गावी, करांगवुनीला, पोचेपर्यंत उन्हं वर आली होती. दूरवर भात उभं होतं, पोटरीत आलेलं, गच्च हिरवं. आणि शेतात माणूस नव्हता. इतकं चांगलं पीक आणि त्यात चिटपाखरू नाही, हे बघून सुगितो गाडीशीच थांबला.

"पुढे तुम्ही चला," तो म्हणाला.

"का रे? एरवी माझ्यापुढे धावतोस."

"एरवी हॉटेल असतं समोर."

हार्दीच्या शेतात पाणी नव्हतं. बुंध्याला तपकिरी तुडतुडे लागले म्हणून त्यानं आठवड्यापूर्वीच पाणी काढून टाकलं होतं, असं विनार्सीनं सांगितलं. जमिनीला भेगा पडल्या होत्या. बू रेत्नांनी एका भेगेत बोट घातलं. ते कोरडंच बाहेर आलं.

प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते बदकं राखणाऱ्या गिनेमनं. सगळे तिला यू गिनेम, म्हणजे गिनेमताई, म्हणत. ती बोलताना सारखी पाटाच्या वरच्या बाजूला बघत होती.

"उताणे पडले होते. चपला बांधावर नीट शेजारी शेजारी."

"तारेजवळ मेलेले उंदीर किती होते?"

गिनेम गोंधळली. "उंदीर? एकही नव्हता. रोज ढीग असतो. त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही बघा."

"बदकं कुठवर नेतेस, यू?"

"पाटाच्या तोंडापर्यंत न्यायचे. आता नाही नेत. माझं एक बदक मेलं तिकडे." ती थांबली. "रोगानं. पाटकरी म्हणाले रोगच होता. त्यांनी नवीन बदकही दिलं मला."

तिनं टोपली उचलली आणि बदकांना हाकलत चालू लागली. तिच्या हाकेला आवाजच नव्हता.

फवारणीची औषधं विकणारा तार्मुजी दुकानाच्या पायरीवरच बसला होता. पोलिसांनी हार्दीला धरलं असलं तरी गावानं मनातल्या मनात त्यालाच फाशी देऊन टाकली होती आणि त्याला ते ठाऊक होतं.

"म्हातारा माझं गिऱ्हाईक तोडायचा, खरंय," तो म्हणाला. "फवारलं की कोळी मरतात, कोळी मेले की तुडतुडे माजतात, असं घरोघर सांगत फिरायचा. मी त्याला तोंडावर शिव्या द्यायचो. पण त्या रात्री मी लेकीच्या बाळंतपणाला शहरात होतो. दवाखान्यात विचारा. नातू झालाय."

"अभिनंदन," सुगितो म्हणाला.

"या गावात हे ऐकवणारे तुम्ही पहिले."

शेवटी पाटकरी विर्योनो. पाणी कुणाला कधी द्यायचं हे त्याच्या हातात. घर पाटाच्या तोंडाशी, मागे बांबूचं बेट. त्यानं चहा दिला, जास्मिनचा, भरपूर साखरेचा.

"तारेविरुद्ध मी सभेत घसा फोडून सांगितलंय," तो म्हणाला. "आणि लावणीचंही. सगळ्यांनी एकाच वेळी लावा. भात मागेपुढे झालं की उंदरांना, तुडतुड्यांना वर्षभर जेवण मिळतं. या हंगामात सगळं गाव एका आठवड्यात लावून मोकळं झालं. माझ्यासकट. तरी उंदीर वाढले, त्याला नशीब म्हणायचं. त्या सकाळी मी गेलो तर हार्दीच्या तारेला उंदरांची माळ लागलेली. पोरगा वाईट नाही हो. पण खोटं बोलतोय."

परतताना सुगितोनं बांबूच्या बेटामागे बोट दाखवलं. "ते शेत आजारी दिसतंय, बू. राख भुरभुरल्यासारखं."

बू रेत्नांनी तिकडे नीट निरखून पाहिलं. "आजारी नाही," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसून सरळ चौकीवर चल म्हणाल्या.

---

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज संपते न संपते तोच हवालदार जुमादी विर्योनोच्या दारात उभा राहिला. सही हवी आहे, लगेच चला, म्हणाला. विर्योनो चपला घालत होता तसाच त्याला पाटाकडे आणलं. तिथे बू रेत्ना, सुगितो, विनार्सी आणि मागे घाबरलेलं निम्मं गाव होतं. उजेड नुकता फुटत होता. बांबूमागचं शेत पाण्यानं भरलेलं होतं. पाण्यात काही हलत नव्हतं.

"सुगितो," बू रेत्ना म्हणाल्या, "चपला काढ. आत उतर."

सुगितोनं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आत्ता त्या काहीच सांगत नव्हत्या. त्यानं चपला काढल्या. बांध थंड होता. मागून बू रेत्नांनी त्याचा पट्टा मुठीत घट्ट धरल्याचं त्याला जाणवलं, आणि त्यामुळे त्याची भीती दुप्पट झाली. त्यानं पाय उचलला.

"पाय ठेवू नका," विर्योनो म्हणाला.

अगदी हळू म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं.

सुगितो मागे फेकला गेल्यासारखा बांधावर बसला.

"का नको, पाक विर्योनो?" बू रेत्नांनी विचारलं. मग त्या गावकऱ्यांकडे वळल्या.

"म्बाह सुमार्जोंच्या सदऱ्याला वाळलेल्या चिखलाचा थर होता. पाऊस नव्हता. हार्दीचं शेत भेगाळलेलं. म्हणजे ते दुसरीकडे, पाण्यात पडले. हार्दीच्या तारेत रात्रभर वीज असती तर उंदीर मेले असते. यू गिनेमनं एकही पाहिला नाही. पाटकऱ्यांना मात्र माळ दिसली. जे रोज दिसतं ते त्यांनी सांगितलं, त्या दिवशी काय होतं ते बघितलंच नाही. नजर तिकडे वळवायची हिंमत नव्हती."

"आणि माझं शेतच का?" विर्योनो म्हणाला. "पाणी पुष्कळांच्या शेतात आहे."

"सदऱ्याच्या खिशात भाताच्या फुलोऱ्याचे तुरे होते. सगळ्या गावाचं भात अजून पोटरीत आहे, फूल नाही. फुललंय ते एकच शेत. सुगितोला ते राखेसारखं दिसलं. सगळ्यांनी एकाच वेळी लावा म्हणणाऱ्यानं स्वतः आधी लावलं, कारण पाणी त्याच्या दारात पहिलं येतं. गावात एकच शेत आधी पोटरीत आलं की पंचक्रोशीतले उंदीर तिथे जमतात, तिथेच पोसतात, तिथेच वितात. तुमचं नशीब खोटं नव्हतं, हे शेत खोटं होतं. म्बाह सुमार्जोंना ते कळलं. घुबडांची खोकी बघायला ते उजाडण्याआधी निघायचेच. त्या दिवशी इथे बघायला आले. सभेत तारेला शिव्या देणाऱ्याच्या शेतात तार असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. बदकाला कळलं होतं, पण बदकाला रोग झाला."

मागे यू गिनेम रडायला लागली. "पाणी तोडतील म्हणून, बू. पाणी तोडलं तर मी जाऊ कुठे."

विर्योनो बांधावर उकिडवा बसला. "मी आलो तेव्हा गार पडले होते," तो म्हणाला. "मारायचं नव्हतं मला. गाडीत घालून हार्दीच्या बांधावर नेलं. चपला नीट ठेवल्या. मोठ्या माणसाच्या चपला उलट्यापालट्या कशा टाकायच्या?"

"आणि हार्दी?" विनार्सीनं विचारलं. "त्यांना चौकीत ठेवलंत, ते नीट?"



पंपाच्या खोलीतला खटका जुमादीनं स्वतः जाऊन पाडला. मग गावातल्या दोघांनी काठीनं पाण्यातली तार वर काढली. ती संपेचना. तिला लोंबणारे उंदीर अजून ताजे होते.

"माझा पाय पडला असता तर?" सुगितोनं गाडीशी आल्यावर विचारलं.

"पडू दिला नसता."

"आणि ते गप्प राहिले असते तर?"

बू रेत्नांनी गाडीचं दार उघडलं. "तर मी तुला खेचलं असतं, नुसती तार सापडली असती आणि ते सुटले असते," त्या म्हणाल्या. "ते बोलले, म्हणून वाटतं, त्यांच्यात अजून थोडा माणूस उरलाय."

---

दुपारी हार्दी सुटला. त्याला घरी सोडून दोघं निघाले तेव्हा नमाजघराच्या ओट्याशी गर्दी दिसली. सुगितोनं गाडी हळू केली.

कुणी बोलत नव्हतं. एक म्हातारी आली, पदराखालून तारेचं भेंडोळं काढलं, ओट्याखाली ठेवलं आणि मागे न बघता गेली. मग शाळेचे मास्तर आले. मग दोन भाऊ, एकमेकांची नजर चुकवत, वेगवेगळ्या बाजूंनी. ढीग गुडघ्याएवढा झाला होता.

शेवटी मोटारसायकलचा आवाज आला. हवालदार जुमादी उतरला, गणवेशातच. डिकी उघडून त्यानं तारेचं एक मोठं गुंडाळं बाहेर काढलं, क्षणभर हातात धरलं, आणि ढिगावर टाकलं.