वाघिणीतला माठ

रेल्वेतून निवृत्त झालेल्या कारकुनाकडे लोक दोनच कामं घेऊन येतात. कुणाचे तरी पेन्शनचे कागद भरून द्या, नाहीतर लग्नात आहेर लिहायला बसा. त्यामुळे एरंडोलच्या अनुजचा फोन आला आणि तो म्हणाला, "नाना, मालगाडीच्या डब्याची माहिती लिहून पाहिजे," तेव्हा मी एका शब्दात हो म्हणालो. धुळ्याला देवपुरात राहतो, तिथून सकाळची एस.टी. धरली. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे तिकीट लागत नाही. सरकार माणसाला फुकट फिरवायला लागलं की समजावं, आता फार लांब जायचं राहिलेलं नाही.

अनुज हा रुईचे व्यापारी लखीचंदशेठ यांचा नातू. शेठच्या गाठी मालधक्क्यावरून रवाना करण्यात माझी निम्मी नोकरी गेली. नातवाने रुई सोडली आणि हायवेला हॉटेल काढलं. भंगाराच्या लिलावातून एक जुनी वाघीण उचलून आणली आणि हॉटेलच्या अंगणात ठेवली. मालगाडीच्या बंद डब्याला आपण वाघीण म्हणतो, हॉटेलचं नावही तेच. पेंटरला मात्र कुणी नीट सांगितलं नसावं. त्याने डब्याच्या दारावर पट्ट्यापट्ट्यांची खरीखुरी वाघीण काढून ठेवली होती. पहिल्या पंगतीला न बसवलेल्या विहिणीसारखा तिचा चेहरा होता.

"यातून काय काय जायचं ते लिहा नाना. मोठा बोर्ड करतो. गिऱ्हाइकांना हिस्ट्री आवडते."

"रुई, सरकी, शेंगदाणा, मीठ, केळी. दुष्काळात कडबा."

अनुजचा चेहरा पडला. "जरा भारी काही नाही? तोफा वगैरे?"

"तोफा एरंडोलला कशाला येतील बाबा? सरकी खायला?"

तो हसला, पण त्याचं मन हसण्यात नव्हतं. आत त्याने बाकं टाकली होती, कंदील टांगले होते, तरी आत कुणी बसत नव्हतं. लोक हौसेने चढायचे, जेवण मागवायचे आणि ताट यायच्या आत बाहेरच्या टेबलावर येऊन बसायचे. उकडतं म्हणायचे. पौष महिन्यात, शाली पांघरून.

मी डब्याला फेरी मारली. नंबर कधीच गंजून गेला होता आणि उरलासुरला लाल रंगाखाली. मागच्या बाजूला लिंबाची सावली होती, तिथला पत्रा दहिवराने भिजलेला. मी तळवा टेकवला. ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. रुईची आग दिसत नाही. गाठीच्या पोटात ती दिवसेंदिवस धुमसते, वरून गाठ जशीच्या तशी. म्हणून रुईची वाघीण आली की आधी पत्र्याला हात लावून पाहायचा. पत्रा गरम लागला की दार उघडायचं नाही. हा नियम. वारा शिरला की भडका होतो. गरम वाघीण सोडवून लांबच्या रुळावर ढकलायची, बाहेरून पाणी मारायचं आणि थंड होईस्तोवर तिच्याकडे पाहायचंसुद्धा नाही.

पत्रा बर्फासारखा होता. मी हात पुढे सरकवला. थंड. आणखी पुढे. थंड. मग एके ठिकाणी ऊब लागली.

ती ऊब माझ्या तळव्याएवढीच होती. भोवती सगळा पत्रा गार. मी हात वीतभर डावीकडे नेला. तिथे थंडच होतं... आणि मग हळूहळू तिथेही ऊब आली. पलीकडून कुणी हात उचलून माझ्या हातासमोर आणून ठेवावा तशी.

नोकरीत साहेबांना द्यायचो तसंच उत्तर मी स्वतःला दिलं. म्हटलं, ऊन असेल. मग वर लिंबाकडे पाहिलं आणि हात काढून खिशात घातला.

"लागनं का भाऊ हातले?"

मागे चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. पुष्पाबाई. अनुजकडे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी करायच्या. समोर परात, हात पिठाने पांढरे. मी ओळखलं नाही, त्यांनीच ओळख सांगितली. पुना हमालाची बायको.

पुनाचं नाव मला माहीत होतं, माणूस मी पाहिलेला नव्हता. एका स्टेशनावर, नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे, माझी तिथे बदली व्हायच्या आदल्या वर्षी रुईची एक वाघीण तापली होती. नियमाप्रमाणे लांब नेऊन बंद ठेवली, आणि उघडली तेव्हा आत राख. त्याच दिवसांत धक्क्यावरचा पुना नाहीसा झाला. हमाल जेवण झालं की, कधी बायकापोरांसकट, सावलीसाठी वाघिणीत, गाठींच्या आडोशाला झोपत. पण आग लागलेल्या वाघिणीत माणूस होता असं म्हटलं की चौकशी आली. त्यापेक्षा पुना सुरतेला पळाला हे सगळ्यांच्या सोयीचं होतं. आमच्याकडे माणूस सापडला नाही की तो सुरतेलाच असतो.

"लोके म्हनतस, सुरतले गया. तठे सवत करी," पुष्पाबाई म्हणाल्या. "मी म्हनस, तो गया नही. तो आठेच शे. याच डबामा."

"अक्का, अशा हजारो वाघिणी होत्या. हीच ती कशावरून?"

"मंग तुम्हीन हात का काढी लिधा?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. प्रेत सापडलं नाही म्हणून कपाळावर कुंकू, गळ्यात काळी पोत, आणि उभा जन्म एका हट्टावर काढलेला. सवतीच्या टोमण्यापेक्षा नवरा जळून मेलेला बरा, असा तो हट्ट. ऐकायला वाईट वाटतं. पण गावात मान खाली घालून पाण्याला जावं लागतं तिलाच त्यातला फरक कळतो.

त्यांना डब्यात जाऊन बसायचं होतं, दार लावून. अनुजने खूप आढेवेढे घेतले. "आजी, तुम्हाला काही झालं तर माझं हॉटेल बंद होईल," म्हणाला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि फळीवर पाय देऊन सरळ चढल्या.

दाराच्या दोन्ही झडपा बाहेर उघडणाऱ्या. त्या ओढून घेताना माझ्या तोंडून सवयीने शब्द गेले. धक्क्यावर वाघीण बंद करण्याआधी मुकादम आत डोकं घालून ओरडायचा, उत्तर आलं नाही तरच दार लावायचा. कधीतरी विसरायचाही.

"आत कोण?"

"मी," पुष्पाबाई म्हणाल्या.

दार लावलं. हायवेवरून ट्रक जात होते. अनुज नखं खात होता. मी पत्र्याला कान लावला नाही, नुसता जवळ उभा राहिलो. आतून काही सरकल्याचा आवाज आला. बाक असेल. मग अगदी पत्र्यालगत, हलक्या आवाजात:

"भाऊ... तो नही शे."

माझा जीव भांड्यात पडला. "बरं, उघडतो मग."

"थांबा..." त्या म्हणाल्या. "तो नही... बाकी बठ्ठा शेतस."

मी दार उघडलं. बाकं रिकामी. कंदील स्थिर. पुष्पाबाई दारातच उभ्या होत्या, केस घामाने चिकटलेले, चेहरा चुलीपुढे तासभर बसल्यासारखा तांबडा.

"बाकी सगळे म्हणजे कोण?" मी विचारलं.

"माले काय माहीत? अंधारमा हात येत व्हतात. एक एक करीसनी हातमा लिधा. पाच बोटं... पाच बोटं... बठ्ठास्ना पाच." वाघिणीच्या दारात सापडून पुनाच्या डाव्या हाताचं एक बोट गेलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. "काही तर पोऱ्यास्ना हात. इतला इतला." मग त्या फळीवरून उतरल्या आणि चुलीकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे तो सुरतलेच गया."

हे त्या ज्या आवाजात बोलल्या, त्यापुढे आतल्या हातांची भीती मला क्षणभर कमी वाटली.

भाकरी थापायला बसण्याआधी त्यांनी नवा माठ भरला आणि आत नेऊन ठेवला. तहानलेले आहेत म्हणाल्या. अनुज म्हणाला, "ठेवू द्या नाना. गिऱ्हाइकालाही होईल." व्यापाऱ्याचा नातू.

बोर्ड रंगवून झाला म्हणून मी पुन्हा गेलो तेव्हा माघ लागला होता. अनुजने मला नेऊन माठ दाखवला. नवा माठ पाझरतो, अंगाने ओला असतो, ते सगळ्यांना माहीत आहे. या माठाच्या ओल्या अंगावर कोरडे पंजे उमटले होते. तव्यावर पाणी उडावं तसं त्या त्या जागचं पाणी उडून गेलेलं. मोठे पंजे, बायकांचे असावेत असे निमुळते, आणि तळाशी, रांगत आल्यासारखे, रुपयाएवढे. माठ रोज संध्याकाळी रिकामा होई. पुष्पाबाई सकाळी तो भरायच्या, पण त्याआधी गोल फिरवून एकेक पंजा बघायच्या.

"काय शोधताय अक्का?"

"काही नही," त्या म्हणाल्या. पण त्यांची बोटं पंज्यांवर चालत होती, आणि प्रत्येक पंज्याशी पाचावर येऊन थांबत होती.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा अनुजचा फोन. पुष्पाबाईंचा पुतण्या ज्ञानेश्वर सुरतेला कापड मार्केटमध्ये कामाला असतो. त्याने कळवलं होतं, पुनाकाका गेले. काल रात्री, झोपेतच. तिथे बायको होती, लग्न झालेल्या मुली होत्या. इतकी वर्षं ज्ञानेश्वरने हे का सांगितलं नाही, असं अनुजने विचारलं. तर म्हणे, काकांनी शपथ घातली होती. पळून जाणाऱ्या माणसांना शपथा घालायला वेळ बरा मिळतो.

"आजी कामावर आल्यात," अनुज म्हणाला. "रोजच्यासारख्या. तुम्ही या नाना. मला त्यांच्याशी बोलता येत नाही."

मी गेलो तेव्हा पुष्पाबाई वाघिणीतच होत्या, माठापुढे उकिडव्या. मी फळीवरून आत डोकावलो. माठाच्या पोटावर, नेमका त्यांच्या समोर, एक नवा पंजा होता. रुंद, हमाली केलेल्या माणसाचा. डावा. चारच बोटं.

मी आत चढलो.

"चाळीस वरीस मी गावले सांगत ऱ्हायनू, तो आठे शे म्हनीसनी," त्या म्हणाल्या. "तवय नही व्हता. आते उना. आते मी काय करू?"

त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि तेवढाच पंजा पुसला. बाकीच्यांना हात लावला नाही. पुसलेली जागा ओली झाली... आणि आमच्या डोळ्यांसमोर पुन्हा सुकू लागली. आधी तळवा. मग एकेक बोट. चार.

पुष्पाबाई उठल्या. माठ कमरेवर घेतला, खाली उतरल्या आणि सगळं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतून दिलं.

"अक्का, बाकीच्यांचं काय? ते तहानलेले—"

"त्यानासंगे ऱ्हातस ना? मंग ऱ्हाऊ द्या तसाच."

रिकामा माठ त्यांनी चुलीजवळ पालथा घातला आणि पीठ मळायला घेतलं.

मी डब्याच्या मागे गेलो आणि पत्र्याला हात टेकवला. आता ऊब शोधावी लागली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा पत्रा तापला होता. अनुजला हाक मारून म्हटलं, "दार लाव. कडी घाल. आणि मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

"कडी नाही नाना," तो म्हणाला. "वेल्डरकडून कापून घेतली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना अडकायची."

आम्ही दोघांनी झडपा ओढून घेतल्या आणि मसाला वाटायचा मोठा पाटा आणून त्यांना टेकवला. दार लावण्याआधी विचारायचं असतं. या वेळी मी विचारलं नाही.

मग हायवेच्या कडेला एस.टी.ची वाट बघत उभा राहिलो. मागे पुष्पाबाई भाकरी थापत होत्या. थाप, थाप, थाप, तालात, चांगल्या भाकरीचा आवाज येतो तसा. ऐकता ऐकता मला वाटलं, आवाज जरा जडावला आहे, लोखंडी झाला आहे. मी वळून पाहिलं. पुष्पाबाईंचे दोन्ही हात परातीत थांबलेले होते. त्या वाघिणीकडे बघत होत्या. थाप चालूच होती.

त्यांनी पिठाचा नवा गोळा घेतला आणि त्याच तालात, जोराने थापायला लागल्या.

अनुज परवा फोनवर सांगत होता, धंदा बरा आहे. भाकरीचा आवाज हायवेपर्यंत ऐकू येतो म्हणून गाड्या थांबतात. दोन आवाज आहेत हे गिऱ्हाइकाला कळत नाही. पुष्पाबाई रोज वेळेवर येतात, पाटा जागेवर आहे का ते बघतात आणि चुलीशी बसतात.

फक्त शेवटची भाकरी तव्यावर पडली, त्यांनी हात धुतले, तरी एक थाप उरते.