पुलापलीकडचं घर

झेरॉक्स मशीननं माझ्या कथेचं पान गिळलं, तेव्हा वेंडल प्रूइट रांगेत माझ्या मागेच उभा होता. अमेरिकेतल्या मिझुला गावातला नोव्हेंबर. खिडकीवर चिकट बर्फ, आणि माझे हात मोज्यांतही गार.

"सरक जरा." त्यानं झाकण उघडलं, चुरगळलेलं पान ओढून काढलं आणि... वाचायलाच लागला!

"ए! दे ते इकडे."

"वाक्य बरं आहे गं. मशीनला पचलं नाही, इतकंच."

"आणि तुला?"

"मला—" त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "मला अजून एक चालेल."

विद्यापीठातल्या कथालेखनाच्या वर्गात आम्ही दोघं होतो, तो माझ्या एक वर्ष पुढे. त्या दिवसापासून संध्याकाळी लायब्ररीतून आम्ही एकत्र निघायचो. नदीवरचा पूल ओलांडल्यावर माझी खोली होती. "माझीही वाट तीच," तो म्हणाला होता. पुलावर वारा इतका बोचायचा की त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला तरी दोघांनाही सरकायला सुचायचं नाही. त्याचं बोलणं ऐकताना मला मनापासून हसू यायचं, आणि घरी पोचल्यावर भीती वाटायची. मी मुळातच भित्री. हे सगळं एका चुकीच्या शब्दानं संपेल, असं वाटायचं... म्हणून मी गप्प.

गप्प राहणाऱ्या माणसानं लिहू नये. फेब्रुवारीत कथा द्यायची माझी पाळी आली. दुसरं काहीच सुचेना, म्हणून मी आमचीच लिहिली! पण आमच्या धंद्यातली खबरदारी घेतली. त्याचं नाव केलं वॉल्टर. केस तांबडे केले, दाढी लावली, जंगलात वणव्यावर नजर ठेवायची नोकरी दिली. आता याला त्याची आईसुद्धा ओळखणार नाही, म्हणून मी निर्धास्तपणे प्रती वाटल्या.

वर्गाचा नियम कडक होता. ज्याची कथा, त्यानं चर्चा संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. शेवटी एक प्रश्न विचारता येतो, बस.

आज माझ्या नावावर चार कादंबऱ्या आहेत. वर्तमानपत्रात परीक्षण आलं की अजूनही मी घाबरते. पण त्या गुरुवारच्या वर्गाइतकी कधीच नाही.

"हा वॉल्टर माणूस आहे की ओंडका?" ब्रिजिटनं सुरुवात केली. तिच्या जिभेला आम्ही सगळेच वचकून असायचो. "अख्खा हिवाळा मुलगी शेजारून चालतेय आणि याला पत्ता नाही? मला नाही पटत. काढून टाका त्याला. त्याची एकच गोष्ट जिवंत आहे. घाबरला की चष्मा काढून खिशात ठेवतो, समोरचे चेहरे दिसू नयेत म्हणून."

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना वेंडलकडे वळल्या.

वेंडलचा हात चष्म्यावर होता. अर्धा काढलेला.

केस बदलले, दाढी लावली, आणि हे तसंच राहिलं! पळून जावं तर पाय हलेनात. बोलावं तर नियम. तो आता हसेल, मग उद्यापासून लायब्ररीत दुसऱ्या टेबलावर बसेल... मला सगळं दिसत होतं.

"वेंडल, तू काहीच बोलला नाहीस," आमच्या शिक्षिका मार्गो म्हणाल्या.

त्यानं चष्मा परत नाकावर ठेवला. कान लाल झाले होते.

"सहाव्या पानावर एक चूक आहे."

"कुठली?"

"लिहिलंय, वॉल्टरचं घर पुलापलीकडे आहे, म्हणून तो तिच्याबरोबर जातो." त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "ते चूक आहे. त्याचं घर पुलाच्या अलीकडे आहे. लायब्ररीच्या मागच्या गल्लीत."

"अरे, ही कथा आहे," ब्रिजिट म्हणाली. "घर कुठेही असेल. तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

मी नोव्हेंबरपासूनच्या संध्याकाळी आठवत होते. तो बर्फ, तो वारा. माझ्या दारापासून हा रोज एकटा परत जायचा?

मार्गोंनी माझ्याकडे पाहिलं. "कॉरा, चर्चा संपली. तुझा प्रश्न?"

विचारलं नाही तर सगळं सुरक्षित राहील, असं भित्रं मन अजूनही सांगत होतं.

"मग... वॉल्टरनं सांगितलं का नाही?"

"भीत होता."

"एकच प्रश्न, कॉरा," मार्गो म्हणाल्या. पण तोवर मी वेंडलकडे वळले होते.

"आणि आता?"

"आताही भितोय." तो सरळ माझ्याकडे बघत होता. "प्रचंड. पण मला तू आवडतेस, कॉरा. वॉल्टरचं मला माहीत नाही."

"मलाही तू," मी म्हणाले. इतक्या हळू, की ब्रिजिटनं "काय? मोठ्यानं बोल!" म्हणून ओरडून विचारलं, आणि मला ते सगळ्यांसमोर पुन्हा म्हणावं लागलं.